फेडरल डिस्ट्रिक्ट जज म्हणजे नेमकं कोण? फ्रँक जॉन्सन यांच्याबद्दल सारखे येणारे प्रश्न

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात काळ्या लोकांच्या नागरी हक्कांचे गाजलेले निकाल देणारे फेडरल जज फ्रँक एम. जॉन्सन यांचा विषय काढला की मेसेज सुरू होतात, आणि निम्म्याहून जास्त लोक तेच तेच विचारतात. म्हणून सगळे प्रश्न एकदाच एका जागी घेतलेत. सोपे आधी, किचकट नंतर. जिथे उत्तर दुसरीकडे आलंय तिथे नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. फेडरल डिस्ट्रिक्ट जज म्हणजे आपल्याकडचे जिल्हा न्यायाधीशच ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गाडी चुकते. आपले जिल्हा न्यायाधीश हायकोर्टाच्या देखरेखीखाली असतात, त्यांची बदली होते, ठरलेल्या वयाला निवृत्ती होते. अमेरिकेत कोर्टांच्या दोन वेगळ्या उतरंडी आहेत, एक राज्यांची आणि एक केंद्राची म्हणजे फेडरल. फेडरल उतरंडीतली सगळ्यात खालची पायरी म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्ट, अशी देशभर ९४ आहेत आणि मंजूर पदं ६७७. वर अपील कोर्ट, त्याच्यावर सुप्रीम कोर्ट. पायरी खालची म्हणून अधिकार किरकोळ असं समजू नका, आपण जे रिट घेऊन हायकोर्टात जातो तसलं प्रकरण तिथे डिस्ट्रिक्ट जजसमोर सुरू होतं. साक्षीदार इथेच उभे राहतात, कागद इथेच दाखल होतात, वरची कोर्टं मुख्यतः इथल्या रेकॉर्डवरच बोलतात. आणि राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवायचा अधिकार या जजला असतो, जो आपल्या जिल्हा न्यायाधीशांना नाही.

२. परीक्षा कुठली द्यावी लागते? वयाची अट?

काहीही नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत जज व्हायला वय, अनुभव, अगदी लॉची डिग्रीसुद्धा मागितलेली नाही (प्रत्यक्षात सगळे मुरलेले वकीलच असतात). राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजूर करतं, आणि त्या राज्याच्या दोन सिनेटरांचं मत विचारायची जुनी पद्धत आहे. म्हणजे राजकारण असतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

जॉन्सन यांचंच बघा. १९५२ च्या निवडणुकीत त्यांनी अलाबामात माजी सैनिकांमध्ये आयझेनहॉवरचा प्रचार केला, १९५३ ला नॉर्दर्न अलाबामाचे केंद्राचे सरकारी वकील झाले, तिथे वेठबिगारीच्या केसमध्ये गोऱ्या जमीनदारांना शिक्षा मिळवून दिली, आणि १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये आयझेनहॉवरनी त्यांना मॉन्टगोमेरीला जज नेमलं. सिनेटचं अधिवेशन चालू नव्हतं म्हणून आधी तात्पुरती नेमणूक, मंजुरी जानेवारी १९५६ ला. वय तेव्हा ३७ च्या आसपास. गोऱ्या प्रवाशाला जागा दिली नाही म्हणून काळ्या रोझा पार्क्सना मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये अटक झाली १ डिसेंबर १९५५ ला, म्हणजे हे खुर्चीत बसून धड दोन महिनेही झाले नव्हते.

३. दक्षिणेतला गोरा माणूस, मग असा कसा निघाला? विन्स्टन काउंटीचा काय संबंध?

जन्म ३० ऑक्टोबर १९१८, अलाबामाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ विन्स्टन काउंटीत. तिथे लहान शेतकरी, गुलाम जवळजवळ नाहीतच, आणि यादवी युद्धात अलाबामा फुटून निघाला तेव्हा या लोकांनी विरोध केला होता, म्हणून आजही त्याला 'फ्री स्टेट ऑफ विन्स्टन' म्हणतात. बाकी दक्षिण पक्की डेमोक्रॅट असताना हा भाग रिपब्लिकन राहिला.

पण नुसत्या गावाच्या मातीवरून माणूस समजतो असं मला वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत ते जखमी झाले होते, नंतर जॅस्परमध्ये वकिली केली. एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ते चळवळे कधीच नव्हते. पुराव्यात काय आहे आणि कायदा काय म्हणतो एवढंच बघायचं, आणि मग निष्कर्ष कितीही अडचणीचा निघाला तरी मागे फिरायचं नाही. हे डोक्यात ठेवलंत तर पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

४. तहहयात म्हणजे खरंच मरेपर्यंत? कुणी काढूच शकत नाही?

वागणूक चांगली आहे तोपर्यंत पद, पगारही कमी करता येत नाही. काढायचा रस्ता एकच, महाभियोग. प्रतिनिधीगृहानं आरोप ठेवायचे, सिनेटनं दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचं. आजपर्यंत १५ फेडरल जजांवर आरोप ठेवले गेले आणि ८ जणांना सिनेटनं काढलं, बस्स. निकाल आवडला नाही म्हणून कुणाला काढलेलं नाही, जॉन्सनना काढा म्हणून ओरड भरपूर झाली पण हलले नाहीत. वय झालं की 'सीनियर' व्हायची सोय असते, म्हणजे ६५ वर्षांचं वय आणि १५ वर्षांची नोकरी अशी बेरीज ८० झाली की पूर्ण पगारावर काम कमी करता येतं आणि जागा नव्या माणसाला मोकळी होते. जॉन्सन १९९१ मध्ये सीनियर झाले. तहहयात नसलेलेही काही असतात, त्यांच्यासाठी प्रश्न १४ बघा.

५. पगार किती?

२०२५ ला वर्षाला २,४७,४०० डॉलर. जॉन्सन लागले तेव्हा २२,५०० डॉलर होता. मोठ्या शहरातल्या बड्या लॉ फर्ममध्ये नवशिक्या वकिलालाही आज याच्या आसपास मिळतं, त्यामुळे पैशासाठी कुणी इथे येत नाही.

६. रोजचं काम काय असतं? हातोडा आपटणं वगैरे?

जॉन्सन बहुतेक वेळा काळा झगा घालायचेच नाहीत आणि हातोडाही वापरत नसत. चष्म्याच्या वरून एकदा बघितलं की वकील गप्प व्हायचे. केस कुठल्या जजकडे जाणार हे साधारणपणे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, जज हव्या त्या केसेस उचलत नाहीत. बाकी वेळ अर्ज वाचणं, तारखा देणं, शिक्षा सुनावणं, ज्युरीला कायदा समजावून सांगणं यात जातो, आणि हाताशी दोनेक तरुण लॉ क्लार्क असतात जे शोधाशोध करतात, मसुदे लिहितात. फेडरल कोर्ट म्हणजे रोज घटनेवर खल असं नसतं हो, ड्रग्ज, कर बुडवणं, कंपन्यांची भांडणं यातच वर्ष सरतं. जॉन्सन घरच्या वर्कशॉपमध्ये मोठी उभी लंबकाची घड्याळं बनवायचे. निकालांमुळे गावाचा सामाजिक बहिष्कार सोसणाऱ्या माणसाला एकट्यानं करण्यासारखा उद्योग लागतोच.

७. बसचा खटला रोझा पार्क्सचा होता ना?

नाही, हे शाळेच्या पुस्तकांमुळे झालंय. पार्क्सबाईंची केस राज्याच्या कोर्टात अपिलात अडकली होती. फेडरल कोर्टात गेला तो 'ब्राउडर विरुद्ध गेल', त्यात ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅक्डोनाल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन अशा चार जणी होत्या. कोल्विन मार्च १९५५ मध्ये, म्हणजे पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी, जागेवरून उठली नव्हती, तेव्हा ती १५ वर्षांची. ५ जून १९५६ ला बसमध्ये गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवणं घटनाबाह्य असा निकाल लागला २ विरुद्ध १, जॉन्सन आणि रिचर्ड राइव्ज एका बाजूला, सिबॉर्न लिन विरोधात. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायम केला आणि डिसेंबरमध्ये मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये कुणीही कुठेही बसायला लागलं. काळ्या लोकांनी बसवर टाकलेला ३८१ दिवसांचा बहिष्कार आणि हा निकाल, दोन्ही लागले. नुसत्या बहिष्कारानं कायदा बदलला नसता आणि बहिष्कार नसता तर या केसमागे एवढा जोरही आला नसता.

८. एका जजचं कोर्ट म्हणता आणि मग तीन जज कुठून आले?

चांगला प्रश्न. त्या काळी राज्याचा कायदा घटनेविरुद्ध आहे म्हणून थांबवायचा असेल तर तीन जजांचं खास बेंच बसायचं, त्यात किमान एक अपील कोर्टाचा (राइव्ज तसे होते), आणि अपील सरळ सुप्रीम कोर्टात, मधली पायरी गाळून. १९७६ मध्ये हा नियम बराच आकसला. आता मुख्यतः मतदारसंघांच्या आखणीच्या केसेसमध्ये तसं बेंच बसतं.

९. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळेपणाचा कट्टर पुरस्कर्ता गव्हर्नर जॉर्ज वॉलेस खरंच त्यांचा कॉलेजचा मित्र होता?

हो, अलाबामा युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलमधली ओळख, घरोबाही होता. पुढे वॉलेस राज्याच्या कोर्टात जज झाला. केंद्राच्या नागरी हक्क आयोगानं मतदार नोंदणीची कागदपत्रं मागितली तर देणार नाही म्हणून गर्जना केली. जॉन्सननी ऑर्डर काढली. मग वॉलेसनं युक्ती केली, कागद गुपचूप ग्रँड ज्युरींच्या (आरोप ठेवायचे का ते ठरवणारी नागरिकांची मंडळं) हाती दिले म्हणजे तिथून आयोगाला मिळतील, आणि बाहेर मात्र मी झुकलो नाही म्हणून मिरवलं. जानेवारी १९५९ ला जॉन्सननी निकाल दिला की कागद मिळालेत, सबब अवमान झालेला नाही, आणि हे कागद कसे आडमार्गानं पोचवले तेही निकालात लिहून टाकलं. वॉलेसला तुरुंगात जाऊन हुतात्मा व्हायचं होतं, ती संधीच दिली नाही! पुढे १९६२ च्या गव्हर्नरच्या प्रचारात वॉलेसनं जॉन्सनना खोटारडा म्हणत गावोगाव भाषणं ठोकली आणि निवडूनही आला.

१०. सेल्माचा मोर्चा त्यांनी आधी अडवला आणि मग परवानगी दिली, हे दुटप्पी नाही का?

आधी क्रम नीट लावू. ७ मार्च १९६५ ला मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून मॉन्टगोमेरीकडे निघालेल्या मोर्चेकऱ्यांना सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी झोडपलं. लगेच ९ तारखेला परत निघायचं ठरलं तेव्हा जॉन्सननी सुनावणी होईपर्यंत थांबा असा हुकूम दिला, मार्टिन ल्यूथर किंग त्या दिवशी पुलापर्यंत जाऊन परत फिरले. मग चार-पाच दिवस साक्षी झाल्या, ७ तारखेच्या मारहाणीची फिल्म कोर्टात लावली, आणि १७ मार्चला निकाल आला की मोर्चा निघू शकतो आणि राज्यानं संरक्षण द्यायचं. त्यातलं सूत्र असं होतं की अन्याय जेवढा प्रचंड तेवढा निषेधाचा हक्क मोठा, आणि इथला अन्याय प्रचंड आहे.

पण त्याच ऑर्डरमध्ये बारीकसारीक अटीही आहेत. हायवे ८० जिथे दोन लेनचा होतो तिथे ३०० पेक्षा जास्त माणसं चालणार नाहीत असं लिहिलंय. म्हणून २१ ते २५ मार्चच्या मोर्चात मधल्या भागात थोडे लोक आणि मॉन्टगोमेरीत शेवटी २५,००० च्या आसपास. १९६१ मध्ये फ्रीडम रायडर्सच्या (बसमधला वेगळेपणा मोडायला एकत्र प्रवास करणारे गोरे-काळे कार्यकर्ते) वेळीही असंच, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेला आणि पोलिसांना मनाई केली आणि जोडीला रायडर्सनाही काही दिवस थांबवलं. चळवळीतले लोक तेव्हा चिडले होते आणि मला विचाराल तर त्यांचं चिडणं बरोबर होतं, पण दुटप्पी हा शब्द चुकीचा आहे, साक्षीपुरावा होण्याआधी कुणालाच मोकळं रान द्यायचं नाही ही त्यांची पद्धत दोन्ही बाजूंना लागू होती.

मोर्चाच्या शेवटच्या रात्री मोर्चाला मदत करणाऱ्या गोऱ्या कार्यकर्त्या व्हायोला लिउझो यांना याच हायवेवर गोळी घालून मारलं. राज्याच्या कोर्टात आरोपी सुटला. डिसेंबरमध्ये जॉन्सनसमोर फेडरल खटला चालला, ज्युरी सगळे गोरे पुरुष, एकमत होत नाही म्हणाले, जॉन्सननी परत आत पाठवलं, आणि तिघा क्लॅनवाल्यांवर नागरी हक्क हिरावण्याच्या कटाचा गुन्हा सिद्ध झाला. त्या कलमाखाली मिळू शकणारी जास्तीत जास्त म्हणजे दहा वर्षांची शिक्षा दिली.

११. जजनं हॉस्पिटल आणि तुरुंग चालवायचे का? ही ढवळाढवळ नाही?

हा सगळ्यात रागानं येणारा प्रश्न. ब्राइस हॉस्पिटल घ्या, टस्कलूसाचं सरकारी मनोरुग्णालय, साधारण ५,००० पेशंट. १९७० मध्ये सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून कर्मचारी काढले, ते कोर्टात गेले आणि सोबत एका १५ वर्षांच्या पेशंट मुलाला वादी केलं. जॉन्सननी नोकऱ्यांचा मुद्दा बाजूला काढला आणि विचारलं की उपचारासाठी म्हणून माणसाला इच्छेविरुद्ध डांबलंय आणि उपचारच नाहीत, तर मग त्याला कुठल्या अधिकारानं डांबलंय? मार्च १९७१ मध्ये राज्याला सहा महिने दिले, राज्यानं काही धड केलं नाही. मग एप्रिल १९७२ मध्ये ऑर्डर निघाली ती वाचण्यासारखी आहे. आठ पेशंटमागे एक संडास, पंधरांमागे एक शॉवर किंवा टब, एका खोलीत सहापेक्षा जास्त माणसं नाहीत, तापमान ६८ च्या खाली आणि ८३ फॅरनहाइटच्या वर जाता कामा नये, पेशंटच्या संख्येप्रमाणे डॉक्टर-नर्स किती. ही केस बंद झाली २००३ मध्ये, जॉन्सन वारल्यावर चार वर्षांनी! १९७६ मध्ये तुरुंगांचंही तसंच, एका कैद्यामागे ६० चौरस फुटांची कोठडी आणि गर्दी कमी होईपर्यंत नवे कैदी घ्यायचे नाहीत.

आता ढवळाढवळ आहे का, तर आहे. संडास मोजणं हे जजचं काम नव्हे. पण जॉन्सन स्वतःच सांगायचे की अलाबामाचे पुढारी अवघड प्रश्न मुद्दाम कोर्टाकडे ढकलतात, म्हणजे काम कोर्टाच्या हुकमानं होतं आणि शिव्याही कोर्टालाच पडतात. प्रत्येक वेळी आधी मुदत दिलेली दिसते. आपल्याकडे खड्ड्यांवरून मुंबई हायकोर्ट महापालिकेला दर पावसाळ्यात फैलावर घेतं तेव्हा कुणी ढवळाढवळ म्हणत नाही, उलट टाळ्या पडतात.

१२. त्यांचे निकाल वरच्या कोर्टानं कधी फिरवले का?

फिरवले, आणि सगळ्यात गाजलेला तर नागरी हक्काचाच. १९५७ मध्ये अलाबामानं टस्कीगी शहराची हद्द चौकोनाऐवजी २८ बाजूंची विचित्र आकृती करून टाकली, ४०० पैकी चार-पाच सोडून सगळे काळे मतदार शहराबाहेर. जॉन्सननी केस फेटाळली, त्यांचं म्हणणं हद्द ठरवणं विधिमंडळाचा अधिकार, कोर्टाला हात घालता येत नाही असेच तोवरचे निवाडे आहेत. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टानं एकमतानं उलटवलं, केस परत त्यांच्याकडे आली आणि १९६१ ला त्यांनीच तो कायदा रद्द केला.

उलटंही झालंय. मॉन्टगोमेरीच्या मॅक्सवेल तळावरच्या एका महिला लेफ्टनंटला नवऱ्यासाठी भत्ता मिळत नव्हता, पुरुष अधिकाऱ्याला बायकोसाठी सहज मिळायचा. तीन जजांच्या बेंचवर जॉन्सन एकटे तिच्या बाजूनं होते, १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ८ विरुद्ध १ नं त्यांच्या बाजूचा निकाल दिला.

१३. धमक्या यायच्या का? आणि त्यांना अमेरिकेचे रामशास्त्री म्हणता येईल का?

१९५६ मध्येच घरासमोर क्रॉस जाळला, ही क्लॅनची धमकी द्यायची पद्धत. मार्च १९६७ मध्ये राज्यातल्या गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा एकत्र करायचा आदेश निघाला, एप्रिलमध्ये त्यांच्या आईच्या घरावर बाँब टाकला. आई वाचल्या. अनेक वर्षं घराला फेडरल मार्शलचा पहारा होता. हा धोका जुना झाला असं समजू नका, १९८९ मध्ये त्यांचेच सहकारी जज रॉबर्ट व्हान्स घरी आलेल्या पार्सल बाँबनं मारले गेले, आणि २०२० मध्ये न्यू जर्सीच्या जज एस्थर सालास यांच्या मुलाला दारात गोळ्या घातल्या.

रामशास्त्रींची तुलना मराठी वाचकांकडून हमखास येते. बाणा तोच, मान्य. पण रामशास्त्रींनी राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. तसं बघायचं तर साउथ कॅरोलिनाचे जज वेटीज वॉरिंग जास्त जवळचे वाटतात, त्यांनी १९५१ मध्ये वेगळ्या शाळांविरुद्ध मत लिहिलं आणि गावानं वाळीत टाकल्यावर १९५२ मध्ये निवृत्त होऊन न्यूयॉर्कला गेले. जॉन्सन गेले नाहीत. त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांमध्ये राहून १९७९ पर्यंत त्याच कोर्टात बसले.

१४. फेडरल कोर्टाच्या इमारतीतले सगळेच जज तहहयात असतात का?

नाही. मॅजिस्ट्रेट जज ८ वर्षांसाठी असतात आणि त्यांना डिस्ट्रिक्ट जजच नेमतात, दिवाळखोरीवाले जज १४ वर्षांसाठी. आणखी एक फट अशी की ग्वाम, व्हर्जिन आयलंड्स आणि नॉर्दर्न मारियाना इथले डिस्ट्रिक्ट जज नावानं तेच पण मुदत १० वर्षांची. पोर्तो रिकोला मात्र तहहयात.

१५. प्रमोशन मिळालं का? एफबीआयचं काय झालं होतं?

१९७७ मध्ये कार्टरनी त्यांना एफबीआयचे डायरेक्टर म्हणून निवडलं, पण तपासणीत महाधमनीला फुगा निघाला, ऑपरेशन झालं आणि तब्येत सावरेना म्हणून नाव मागे घेतलं. १९७९ मध्ये अपील कोर्टात बढती मिळाली. १९९५ मध्ये क्लिंटन यांच्याकडून प्रेसिडेंशियल मेडल ऑफ फ्रीडम. २३ जुलै १९९९ ला मॉन्टगोमेरीतच वारले.

१६. आजचा एखादा डिस्ट्रिक्ट जज अख्ख्या देशाला लागू होईल असा स्टे देऊ शकतो का?

अलीकडेपर्यंत सर्रास देत होते. जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ नं सांगितलं की मनाई हुकूम कोर्टासमोर आलेल्या पक्षकारांना पूर्ण दिलासा मिळेल इतपतच असावा. सगळ्या बाधितांच्या वतीनं एकत्रित खटला भरायचा रस्ता अजून उघडा आहे, त्यामुळे वाद संपलेला नाही.

१७. भारतीय वंशाचं कुणी आहे का?

आहेत. अमूल थापर २००८ मध्ये केंटकीत डिस्ट्रिक्ट जज झाले, आता अपील कोर्टात आहेत. गुगलनं सर्चमध्ये बेकायदा मक्तेदारी केली हा ऑगस्ट २०२४ चा निकाल देणारे वॉशिंग्टनचे अमित मेहता गुजरातमधल्या पाटणचे.

१८. अटलांटाला मुलीकडे जाणार आहोत, मॉन्टगोमेरी बघता येईल का?

येईल, गाडीनं अडीच तासांच्या आसपास, सकाळी निघून रात्री परत. कोर्टाच्या इमारतीला १९९२ पासून जॉन्सन यांचंच नाव आहे. अगदी शेजारी जुना ग्रेहाउंड बस स्टँड, तिथे २० मे १९६१ ला फ्रीडम रायडर्सना मारहाण झाली, आता तिथे छोटं म्युझियम आहे. ते कधी उघडं असतं हे आधी विचारून जा. वेळ उरला तर हायवे ८० नं सेल्मापर्यंत जाऊन या, तासाभराचा रस्ता आहे.